विहीणबाईंना, लिफ्टवरच्या प्रश्नाबद्दल

प्रमिला,

येत्या रविवारी तुझ्यासाठी सगळे जमणार आहेत. आधी बुद्धवंदना, मग दोन-चार जण बोलणार, मग जेवण. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. ते घातलं तुझ्या मुलीनं, म्हणजे माझी सून मित्रा हिनं. काल संध्याकाळी यादी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही ती स्कीइंगची गोष्ट सांगा. पांढऱ्या नाडीची. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एका फोनमध्ये लग्नाला हो म्हणालात, तिथे संपवा. आईला ती गोष्ट फार आवडायची."

आवडायची हे मला सांगायला नको. माझ्यापेक्षा तूच ती जास्त वेळा सांगितलीस. पण त्या गोष्टीतला एक तुकडा आपण दोघींनी इतकी वर्षं गाळला, आणि आता तो माहीत असलेली मी एकटीच उरले. अशा वेळी गप्प बसणं किती सोपं! मला ते जमत नाहीये. तू जाऊन अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी मनातल्या मनात तुझ्यापुढे तोच विषय काढते, आणि तू एक भुवई वर करून ऐकत बसतेस. बोलत काहीच नाहीस. म्हणून लिहायला बसले.

तर आधी त्या बाईबद्दल सांगते. त्या काळातली मी. पन्नाशीला टेकलेली, केसांना महिन्याच्या महिन्याला काळा रंग फासणारी, इथे परदेशात, बेलव्ह्यूमध्ये वीस वर्षं काढलेली शैला. आज ती मला वाण्याच्या दुकानात भेटली तर मी भाजीच्या रांगेआड लपेन. स्वतःला पुरोगामी म्हणायची. नुसती म्हणायची नाही, हळदीकुंकवाला बायकांना दारात अडवून सांगायची. "आम्ही हे काही मानत नाही हं," असं म्हणत म्हणत सगळं करायची. स्कीइंगचे तिने चार धडे घेतले होते, तेही लहान मुलांच्या उतारावर, जिथे पाच वर्षांची पोरं तिच्या दोन तंगड्यांच्या मधून सूं करून निघून जायची. पण मराठी मंडळात सांगताना म्हणायची, "मी मिडियम उतार करते." तू ते ऐकलं होतंस. तू काही विसरत नसायचीस, हा तुझा मोठा दोष.

त्या हिवाळ्यात निखिलनं, माझ्या मुलानं, जेवताना सांगितलं, "आई, मी आणि मित्रा लग्न करतोय. धिस समर." पोळी त्याच्या ताटात, तूप माझ्या हातात. मी तूप वाढत राहिले, वाढतच राहिले, शेवटी तोच म्हणाला, "आई, स्टॉप." ह्यांनी काय केलं? वर्तमानपत्र उचललं आणि तोंडापुढे धरलं. मग त्याच्याआडून म्हणाले, "तूच बोल प्रमिलाबाईंशी. बायकांनी बोललेलं बरं दिसतं." काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

तुझी आणि माझी तेव्हा ओळख मंडळापुरतीच. तू नागपूरची, बौद्ध, राज्याच्या रस्ते खात्यात पुलांची इंजिनिअर. मी पुण्याची, ब्राह्मणाघरची, बीए होऊन लग्न करून इकडे आलेली. गणपतीत तू कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मुलांना गणितं सोडवून द्यायचीस. मला तू आवडायचीस. हे मी तेव्हा लोकांना फार मोठ्या मनानं सांगायची, जणू तुला आवडून घेतल्याबद्दल माझा सत्कार व्हायला हवा.

बुधवारपासून शुक्रवारपर्यंत डोंगरावर सलग बर्फ पडलं. घाट बंद झाला. शनिवारी मंडळाची बर्फसहल ठरली होती, तिची बस कॅन्सल झाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तुझा फोन.

"शैलाताई, घाट सकाळी सातला उघडतोय. मी ऑफिसात विचारलं. मी चाललेय. येताय?"

"अहो, पण बस कॅन्सल झाली ना?"

"बस कॅन्सल झालीय, बर्फ नाही झालेलं. असा दिवस वर्षांवर्षांत येत नाही. आणि तुम्ही तर मिडियम करता."

मी हो म्हटलं. स्कीइंगसाठी नाही. जायला दीड तास, यायला दीड तास, गाडीत आपण दोघीच, तेव्हा काय सांगायचं ते नीट सांगून टाकता येईल असा माझा हिशोब. संक्रांत चार दिवसांवर होती. मी गूळपोळ्या केल्या, चांदीच्या कागदात गुंडाळल्या. गूळपोळी खायला घालून नकार द्यायचा! इतका सभ्य नकार त्या घाटानं कधी पाहिला नसेल.

फोन ठेवता ठेवता तू म्हणाली होतीस, "खोल बर्फ आहे. स्की पायातून निसटली तर आत गडप होते, दिसतसुद्धा नाही. दोन्ही स्कींना बांधायला वार-दोन वार लांब फिती आणा. एक टोक स्कीला, बाकीची पँटच्या पायात खोचायची. स्की बुडाली तरी फीत वर तरंगते." मी लगेच शिवणाचा डबा काढला. पुण्याहून आणलेलं परकराच्या नाडीचं अख्खं बंडल होतं. सुती, विणीची, बैल बांधला तरी तुटणार नाही अशी. दोन लांबलचक तुकडे कापले आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

जाताना गाडीत मी काही बोलले नाही. तू चाकांना बर्फातल्या चेन लावायला थांबलीस तेव्हा नाही, घाटाच्या पायथ्याशी गाड्यांच्या रांगेत अर्धा तास बसलो तेव्हाही नाही. तू मला दूरवरचे धप्प धप्प आवाज ऐकवत होतीस. "कड्यावरचं बर्फ सुरुंग लावून आधीच पाडतात, म्हणजे माणसांवर पडत नाही. आमच्या खात्यातली माणसं रस्त्यावरचं बघतात, रिसॉर्टवाले उतारावरचं." मी म्हटलं, "हो का? छान." आणि मांडीवरचं गूळपोळ्यांचं पुडकं नीट केलं.

वर पोचलो आणि प्रमिला, ते काय होतं गं! झाडं नव्हतीच. झाडांच्या जागी पांढरे, पोक काढलेले म्हातारे उभे. ऊन नुकतं पडलेलं. उतारावर एक ओरखडा नाही. लोक रांगेत उभे राहून लहान मुलांसारखे उड्या मारत होते, पन्नास-पन्नास वर्षांचे दाढीवाले पुरुष. वरची लिफ्ट उघडली तशी सगळ्यांनी आरोळी ठोकली. तूही ठोकलीस! मी तुझ्याकडे बघतच राहिले. मंडळाच्या कोपऱ्यात बसणारी बाई ती हीच का, म्हणून.

आपण लिफ्टच्या, तारेवरून वर जाणाऱ्या, दोन माणसांच्या खुर्चीत बसलो. खुर्ची झोका घेऊन वर उचलली गेली. खाली कोणी नाही, वर कोणी नाही, आणि दहा मिनिटं उतरता येणार नाही. मी म्हटलं, आता.

"प्रमिलाताई, मुलांचं काय करायचं?"

"मुलांनी काय करायचं ते ठरवलंय. तुम्ही काय ठरवलंय ते सांगा."

"म्हणजे, आमची ना काहीच नाही. मित्रा गुणी मुलगी आहे. पण मला वाटतं, दोन वर्षं थांबावं. तिचं मास्टर्स होऊ दे. निखिलची नोकरी नवी आहे. घाई कशाला?"

तू तुझ्या स्कींच्या टोकांकडे बघत होतीस. तिथे बर्फाचा छोटा ढीग साठला होता, तो तू एकावर एक आपटून झटकलास. मग म्हणालीस, "एक विचारू?"

"विचारा ना."

"मुलगी तुमच्यातली असती, पुण्याची, तर दोन वर्षं थांबायला सांगितलं असतं?"

काय पटकन उत्तर दिलं मी. सेकंद लागला नाही. "हो तर! म्हणजे काय! सांगितलंच असतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. पुलाचा नकाशा तपासताना बघत असशील तसं. आणि म्हणालीस, "बरं. टोकं वर उचला, उतरायचं आलं."

हा तो तुकडा. आता पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण तुला पुन्हा सांगते, कारण तू नेहमी माझी बाजू तुझ्या सोयीनं सांगायचीस.

तू मला तीन सूचना दिल्यास. दोन्ही पाय जवळ, वजन दोन्हींवर सारखं. झाडांच्या बुंध्यांजवळ जायचं नाही, तिथे बर्फाखाली पोकळी असते. आणि वेग घ्यायचा. "इथे हळू जाणारा बुडतो," म्हणालीस, आणि गेलीस. तुझ्या मागे बर्फाचा धूर उठला, रांगोळीची चिमूट वाऱ्यावर सोडल्यासारखा. गुडघ्यापर्यंत दिसत होतीस, मग कमरेपर्यंत, मग नुसती टोपी, मग पुन्हा सबंध तू. आवाज काही नाही. खाली पोचून थांबलीस आणि काठी वर केलीस. वर एक सलग नागमोडी रेघ उरली होती. घरी मी तुला लाजरी म्हणायची.

मी निघाले. हळू. अर्थातच हळू! आयुष्यभर जपून चाललेली बाई, ती वेग घेणार कुठून? सहा-सात हात गेले असेन. पाय जड झाले, जणू कोणी सिमेंटात रोवले, आणि मी तोंडावर गेले. तोंडात बर्फ, कानात बर्फ, स्वेटरच्या आत जिथे जायला नको तिथे बर्फ. उठायला काठी टेकवली तर काठी मुठीपर्यंत आत. कसाबसा गुडघा टेकवून बसले आणि पाहिलं तर डावी स्की नाही.

तू वर चढून आलीस. त्या बर्फात वर चढणं म्हणजे काय ते मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं होतं, किती वेळ लावते ही. पाव-एक तासानं पोचलीस, घामानं चेहरा चमकत होता.

"फीत कुठेय?"

"बांधलीय ना. घट्ट बांधलीय."

"दिसत कशी नाही? कुठल्या रंगाची?"

"पांढरी."

तू हातमोज्यानं कपाळ पुसलंस.

"परकराची नाडी आहे, पुण्याची," मी म्हटलं. "फार पक्की असते."

तू आकाशाकडे पाहिलंस. ओठ घट्ट मिटून. मग म्हणालीस, "शैलाताई, पक्की असेल. पण बर्फात पांढरी?" आणि तरी हसली नाहीस. त्या वेळी हसायला हवं होतंस तू. लिफ्टवरच्या प्रश्नानंतर तू हसली असतीस तर मला किती बरं वाटलं असतं. ते तुला कळत होतं, म्हणूनच हसली नाहीस, असं आज वाटतं.

मग तू शोधायला लागलीस. मी पडले होते तिथे खोदायला लागले, तर म्हणालीस, "तिथे नाही. वर. माणूस पुढे जाऊन पडतो, स्की मागे राहते." काठ्या रोवून चौकोन आखलास. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तुझ्या स्कीचं शेपूट बर्फात खुपसत जायचीस, मग हातभर वर सरकायचीस, पुन्हा. एकही जागा सुटू द्यायची नाहीस. मी एका पायावर बगळ्यासारखी. बाजूनं लोक आरोळ्या मारत उतरत होते, आणि त्यांच्याबरोबर त्या दिवसाचं सगळं कोरं बर्फ खाली चाललं होतं. तुझं बर्फ. वर्षांवर्षांत न येणारा दिवस तू माझ्या स्कीपायी चौकोनात घालवत होतीस.

एक दाढीवाला थांबला. "यू लेडीज ओके?"

"वी लॉस्ट अ स्की," तू म्हणालीस. आणि तो गेल्यावर, खाली बघत, मराठीत, "आणि एक लग्न."

मला रडू फुटलं. थंडीनं की लाजेनं, ते मी तेव्हा ठरवलं नाही. बोटं बधिर झाली होती, नाक वाहत होतं. मी म्हटलं, "प्रमिलाताई, ऐका ना. राहू दे ते दोन वर्षं. ह्या उन्हाळ्यातच करू आपण. मी—"

"इथे नको."

"अहो, मी मनापासून म्हणतेय!"

"इथे तुम्हाला थंडी वाजतेय, आणि तुमची स्की माझ्या हातात आहे. म्हणजे अजून तीही नाही." पुन्हा शेपूट खुपसलंस. "आत्ता तुम्ही कशालाही हो म्हणाल. माझ्या मुलीला तसलं हो नको. उद्या गरम घरात बसून म्हणा. म्हणावंसं वाटलं तर."

असं मला कोणी कधी थांबवलं नव्हतं. मी होकार देत होते, आणि समोरची बाई तो घेत नव्हती! त्या काळच्या शैलाला वाटायचं की तिचा होकार म्हणजे मोठी देणगी. तू ती पावती न फाडता परत केलीस.

पाऊण तासानं टक् असं वाजलं. स्की सापडली, माझ्यापासून चांगली पाच हात वर. नाडी तिच्याभोवती गुंडाळून बसलेली, बर्फाइतकीच पांढरी. तू ती सोडलीस, गळ्यातला लाल मफलर काढलास, दातांनी धागा तोडून त्याची पट्टी फाडलीस आणि बांधलीस. नवा मफलर होता तो. मला आठवतं, कारण नंतर मी तुला दुसरा आणून दिला आणि तू तो कधीच घातला नाहीस.

"आता वेग," तू म्हणालीस. "पडलात तर पडलात. लाल आहे, सापडेल."

आणि मी गेले, प्रमिला. खरोखर गेले. तीन वळणं. फक्त तीन, चौथ्याला पुन्हा तोंडावर. पण ती तीन! पायाखाली जमीनच नव्हती. काही टेकत नव्हतं कुठे. मी माझ्या वजनाची आहे हेच विसरले. अंगावर बर्फ उडत होतं आणि मी जोरात ओरडत होते, काय ते देव जाणे. पडले तेव्हा हसत पडले. तू बाजूला येऊन थांबलीस आणि तेव्हा मात्र हसलीस. माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं शुद्ध काही दिलेलं नाही. ते मला तुझ्याकडून मिळालं, त्याच दिवशी, त्या उत्तरानंतर तास-दीड तासात.

खाली लाकडी हॉलमध्ये आपण माझ्या गूळपोळ्या खाल्ल्या. चुरा झाला होता, तू चमच्यानं खाल्लास. म्हणालीस, "गूळ जरा कमी चालला असता." नकार राहिला बाजूला, गुळावरून वाद! तो आपला पहिला. पुढे नातीच्या नावावरून झाला, पोळी आधी की भाकरी यावरून झाला, लग्नाला मुहूर्त बघायचा की हॉल कधी रिकामा ते बघायचं यावरून झाला. बहुतेक तूच जिंकलीस. गुळाचा अजून शिल्लक आहे. मी चूक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. "प्रमिलाताई, उन्हाळ्यात लग्न करू." तू म्हणालीस, "गरम घरात आहात ना?" मी म्हटलं, "हीटर पंचाहत्तरवर आहे." तू म्हणालीस, "मग ठीक आहे."

बेलव्ह्यूतल्या हॉलमध्ये लग्न झालं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या, वंदना. मी हट्टानं हिरव्या बांगड्या घातल्या, तू काही बोलली नाहीस. जेवणाच्या वेळी तू उभी राहून पहिल्यांदा ती गोष्ट सांगितलीस. नाडी, चौकोन, दाढीवाला, फोन. लोक पोट धरून हसले. माझी नणंद मुद्दाम पुण्याहून आली होती, तिनं माझ्या पाठीवर थाप मारली, "शैले, एका फोनमध्ये हो म्हणालीस! शाब्बास." मी तुझ्याकडे पाहिलं. तू वरणभात वाढून घेत होतीस. लिफ्टबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हापासून ती गोष्ट तशीच चालली. निखिलनं मित्रांना सांगितली, नातीनं शाळेत निबंधात लिहिली. दर वेळी मी थोडी अधिक चांगली होत गेले. आता तर कोणी ऐकलं तर वाटावं, मी त्या डोंगरावर समाज सुधारायलाच चढले होते.

तर आता ऐक. त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी ट्रॉय गावी फोन केला होता. तिथे, मिशिगनमध्ये, आमच्या ओळखीचे एक जण होते, आमच्याच जातीचे, त्यांची मुलगी निखिलसाठी सांगून आली होती. निखिलनं मित्राचं नाव सांगितलं त्यानंतरचा गुरुवार, प्रमिला, आधीचा नाही. मी मुलीच्या आईला म्हटलं, मुलं भेटू देत, पसंत पडलं तर मार्चमध्येच उरकून टाकू. मास्टर्स? ती मुलगीही शिकत होती. नोकरी नवी? ती तीच होती. घाई कशाला? घाई मलाच! मार्चमध्ये थंडी बेताची असते, बनारसी नेसता येते, एवढा विचार मी करून ठेवला होता. आणि शनिवारी त्याच तोंडानं तुला म्हटलं, "सांगितलंच असतं."

मी तुला खरं सांगायचा प्रयत्न दोनदा केला. एकदा मोठी नात झाली तेव्हा, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. तू म्हणालीस, "आधी गाडी कुठे लावली ते आठवा." दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, हॉस्पिटलात तुझ्या पलंगाशी. मी म्हटलं, "त्या दिवशी लिफ्टवर…" आणि तू डोळे न उघडता म्हणालीस, "कुठल्या लिफ्टवर? इथली तर बंदच असते." मी हसले. हसून पाणी आणायला गेले. आले तेव्हा तुला झोप लागली होती. तू मला दार उघडून दिलंस की मी पळते का ते बघितलंस, हे मला आता कोण सांगणार? मी पळाले एवढं खरं.

इथपर्यंत लिहिलं, आणि आज सकाळी मित्राला स्वयंपाकघरात बसवून वाचून दाखवलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मीच वाचलं. नाडीला ती हसली. "आणि एक लग्न"ला तिनं डोळे पुसले; हे तू तिला कधी सांगितलं नव्हतंस. ट्रॉय आलं. बनारसीच्या वाक्याला मी वाचता वाचता स्वतःच हसले. ती हसली नाही.

बराच वेळ ती टेबलावरचा एक डाग बोटानं घासत बसली. मग म्हणाली, "काहीतरी असणार असं मला वाटायचंच. आई सगळं सांगायची. चेन कुठे लावल्या, किती वाजता घाट उघडला, एव्हरी डीटेल. फक्त लिफ्टवर काय बोललात ते कधीच नाही. आणि आई काही गाळणाऱ्यांतली नव्हती."

"मित्रा, मी—"

"थांबा, आई. मला चिडायला थोडा वेळ द्या." उठली, नळ सोडला, स्वच्छ असलेला कप धुतला. पाठमोरीच विचारलं, "रविवारी हे सांगणार आहात?"

"तू म्हणशील तसं."

"माझ्यावर नका टाकू. दॅट्स नॉट फेअर." मी मान खाली घातली. खरंच होतं. मग ती वळली. डोळे लाल, आवाज मात्र तुझा, अगदी तुझा. "सांगा. पण तो भाग हसवत सांगू नका. तुम्ही हसवलंत की लोक तुम्हाला लगेच माफ करतात. मी पण करते. गेली इतकी वर्षं तेच करतेय."

प्रमिला, वरचं मी खोडलेलं नाही. मला दुसऱ्या कुठल्या आवाजात तुझ्याशी बोलता येत नाही, आणि तो दिवस गमतीचाही होता, त्याला काय करू? पण रविवारी वाचायचं ते मी वेगळ्या कागदावर लिहिलंय. मित्राला दाखवलं नाही. ती सगळ्यांबरोबर ऐकेल. एवढंच आहे.

"त्या दिवशी लिफ्टवर प्रमिलानं मला विचारलं, मुलगी आमच्यातली असती तर मी दोन वर्षं थांबायला सांगितलं असतं का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. त्याच आठवड्यात मी आमच्या जातीतल्या एका मुलीच्या घरी मार्चमधल्या लग्नाचं बोलले होते. प्रमिलाच्या मुलीला मी थांबायला सांगितलं ते तिच्या जातीमुळे. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. प्रमिलाला ते त्याच क्षणी कळलं होतं, असं मी मानते. तरीही तिनं माझी स्की शोधली, मला खाली आणलं, आणि पुढे सगळ्यांसमोर मला चांगली म्हटलं. ती जिवंत असताना मी तिला हे सांगितलं नाही."